पौषवारी: आईला घेऊन त्र्यंबकला पायी जावं का?

शेतबांध | २८ डिसेंबर
रामकृष्ण हरी मंडळी.
आमचं गाव सिन्नरच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात. गावातून दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पौषवारीला दिंडी जाते. वडिलांनी सलग २१ वर्षं त्या दिंडीत वीणा धरली. गेल्या भाद्रपदात ते गेले. आता आई म्हणते, "ह्यांची वारी चुकवायची नाही. मी चालणार."
आईचं वय ६७. बीपीची गोळी चालू आहे, बाकी शेतात राबलेलं काटक शरीर. पण गावापासून ८० किलोमीटरच्या आसपास चाल, तीन रात्रींचे मुक्काम आणि पौषातला गारठा. मी चिंचवडला असते. लहानपणी एकदाच वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते. रात्री शेकोटीजवळ कुणीतरी माझ्या तळपायांना कोमट तेल चोळत होतं, एवढंच आठवतं.
यंदा एकादशी १४ जानेवारीला, म्हणजे नेमकी संक्रांतीला. काका म्हणतात वर्षश्राद्ध झालेलं नाही, यात्रेला जाऊ नये. आणि माझ्या मुलीचा प्रश्न वेगळाच: नाथांची समाधी ज्येष्ठ वद्य द्वादशीची, मग मोठी यात्रा पौषात का? मला उत्तर देता आलं नाही.
ज्यांनी ही वारी केली आहे त्यांनी मोकळेपणानं सांगा.

गोदाकाठ | २८ डिसेंबर
ताई, न्या. नाशिकपासून त्र्यंबक २८ किलोमीटर, पण थंडीची खरी परीक्षा त्याच टप्प्यात असते. सातपूरची वस्ती मागे पडली की रस्ता उघडा होतो. महिरावणी सोडलं की डावीकडे अंजनेरी दिसायला लागतो आणि समोरून वारा येतो. दिवसा ऊन छान असतं, स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. मारते ती पहाटे तीन ते सहाची वेळ, कारण दिंडी काकड्याला उठते.
आईसाठी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, कानटोपी आणि घोंगडी घ्या. ब्लँकेट दवानं ओलं होऊन जड होतं, घोंगडीवरचं दव सकाळी झटकलं की जातं. पायात रोजच्या सवयीचंच घाला. नवे बूट घेऊन आलेले लोक दुसऱ्या दिवशी अनवाणी चालताना पाहिलेत.

टाळकरी_अण्णा | २८ डिसेंबर
माउली, तुमच्या वडिलांना नमस्कार. २१ वर्षं वीणा म्हणजे सोपी गोष्ट नाही. विणेकऱ्याला वाटेत कुठेही वीणा खाली ठेवता येत नाही. दिंडी बसली तरी वीणा कुणाच्या तरी गळ्यात असतेच.
काकांचं मन मोडू नका, पण त्यांना सांगा की वारी हा सण नव्हे, नेम आहे. सण वर्षभर करत नाहीत, नेम चुकवत नाहीत. आमच्या फडातले एक जण वडिलांचा दहावा करून तेराव्याच्या आत दिंडीला येऊन मिळाले होते. फडप्रमुखांनी उठून त्यांच्या गळ्यात टाळ घातला.
एकच सांगतो. न्यायचं तर गावापासून न्या. शेवटच्या टप्प्याला गाडीनं जाऊन दिंडीत उभं राहायचं आणि फोटो काढायचे, ही वारी नव्हे.

नाडीपरीक्षा | २९ डिसेंबर
मी नाशिकला डॉक्टर आहे. या वारीच्या वाटेवर आम्ही काही जण मिळून दरवर्षी तपासणीला बसतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.
बीपीची गोळी घरी ज्या वेळेला घेतात त्याच वेळेला घ्यायची. "आज चालायचंय, नंतर घेऊ" असं म्हणून तीन दिवस न घेतलेले आजोबा भेटतात. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहतं आणि पायात गोळे येतात. दर तासाला चार घोट, तहान असो वा नसो. एकादशीला निर्जळी अजिबात नको.
आणि कुशावर्त, म्हणजे त्र्यंबकचं स्नानाचं कुंड. पहाटे चारला दगडी पायऱ्या बर्फासारख्या असतात. चालून थकलेलं शरीर, रिकामं पोट आणि त्या पाण्यात एकदम बुडी, हे बीपीच्या माणसानं करू नये. ऊन वर आल्यावर पाय बुडवावेत, डोक्यावर ओंजळभर पाणी घ्यावं.
अण्णांशी एका बाबतीत मी सहमत नाही. दमल्यावर दोन कोस टेम्पोत बसलेल्या बाईची वारी मोडत नाही. दिंडीच्या सामानाचा टेम्पो असतोच, त्यात बसायला लाजू नका असं आईला आधीच सांगून ठेवा.

टाळकरी_अण्णा | २९ डिसेंबर
डॉक्टरताई, टेम्पोचं मान्य. आजारी माणसाला आम्हीही बसवतो. मी बोललो ते धडधाकट लोकांबद्दल. कुशावर्ताचं मात्र मनाला लागलं. आयुष्यभर पहाटेच बुडी मारत आलो. पण आमच्या दिंडीतले एक म्हातारबाबा तिथेच पायऱ्यांवर कोसळले होते, हेही खरं. शेतबांध ताई, आईचे पाय धुतले तरी गंगा पावते. डॉक्टरांचं ऐका.

इतिहासवेडी | २९ डिसेंबर
मुलीच्या प्रश्नाबद्दल. निवृत्तीनाथांची समाधी शके १२१९, म्हणजे इ.स. १२९७, ज्येष्ठ वद्य द्वादशी. आता ज्येष्ठात काय चाललेलं असतं बघा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला नाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते. म्हणजे समाधीच्या तिथीला नाथ स्वतःच वाटेवर असतात. शिवाय मृग लागलेला, पेरण्यांची घाई, आणि त्र्यंबकचा पाऊस. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्या दिवसांत लाखभर माणूस उघड्यावर झोपणार कुठे? पौषात खरीप घरात आलेलं असतं, गव्हाला पाणी देणं सोडलं तर शेतात फार अडत नाही, आणि लग्नकार्य पौषात कुणी काढत नाही. शेतकऱ्याला मोकळं होता येतं ते तेव्हाच.
मुलीला अजून एक सांगा. चौघा भावंडांत थोरले निवृत्तीनाथ, पण समाधी सगळ्यांत शेवटी त्यांची. आधी १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेव, मग मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव, पुढच्या वैशाखात तापीकाठी मेहूणला मुक्ताबाई. तिघा धाकट्यांना निरोप देऊन थोरला भाऊ त्र्यंबकला आला. याच डोंगराच्या प्रदक्षिणेत लहानपणी वाघ आडवा आला, घरच्यांची चुकामूक झाली, हा गुहेत शिरला आणि तिथे गहिनीनाथ भेटले अशी कथा आहे. जिथे गुरू भेटला तिथेच तो परतला. हे मला आजही वाचताना जड जातं.

पूर्णाकाठ | ३० डिसेंबर
मी मुक्ताईनगरचा. आम्हा खानदेशकऱ्यांना यात्रांची एक ओळ लहानपणापासून माहीत असते, ती इथे मांडतो.
कार्तिक वद्यात आळंदी, ज्ञानोबा. मार्गशीर्ष वद्यात सासवड, सोपानकाका. पौष वद्यात त्र्यंबक, निवृत्तीदादा. माघ वद्यात, महाशिवरात्रीला, आमच्याकडे मुक्ताईची यात्रा. चार महिने, चार वद्य पक्ष, चार भावंडं. समाधीच्या तिथ्यांचा हिशोब इतिहासवेडी ताईंनी सांगितला तो बरोबरच आहे, आणि दोघांच्या यात्रा तर त्याच तिथीला भरतात. पण वर्षभर चालणाऱ्या माणसाला ही भावंडं एकापाठोपाठ भेटतात ती अशी. माझी आजी त्र्यंबकहून परतली की म्हणायची, "भावाला भेटून आले, आता लेकीच्या घरची तयारी करा."

गोदाकाठ | ३० डिसेंबर
पूर्णाकाठ, अंगावर काटा आला. इतकी वर्षं चालतोय, ही ओळ कधी ध्यानात आली नव्हती.

पखवाज_घुमतो | ३१ डिसेंबर
थंडीचा विषय निघालाच आहे तर वाद्यांचंही ऐका. माणसाला शाल देता येते, पखवाजाचं काय?
धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात. पौषात पहाटे ती लावताना बोटं बधिर झालेली असतात आणि कणीक इतकी घट्ट की मळल्या जात नाही. मी गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवतो. त्यात दव पडतं. दवानं कातडं सैल पडतं, आवाज उतरतो. गारठ्यानं वीणेची तार आखडते, सूर चढतो. म्हणजे काकड्याला उभं राहिलं की पखवाज खाली ओढतोय आणि वीणा वर ओढतेय. मग शेकोटीपासून हातभर अंतरावर पखवाज धरायचा, जवळ नेला तर पुडी तडकते, वाद्या ताणणारे गठ्ठे ठोकायचे आणि विणेकऱ्याकडे बघायचं. तो खुंटी जराशी सोडतो, मी जरासा चढतो, मध्ये कुठेतरी भेट होते. आमचे विणेकरी बोटानं तार नुसती चाचपून सांगायचे, "चढलीय."
आणि हो, रात्री माझी गोधडी पखवाजावर असते. मी शेजाऱ्याच्या वाकळीत शिरतो.

मोखाडा_ते_मुंबई | १ जानेवारी
सगळे नाशिकच्या बाजूनं बोलताहेत म्हणून डोंगराच्या पलीकडची बाजू सांगतो. जव्हार-मोखाड्याकडून, आंबोलीवरून चढून येणाऱ्या दिंड्याही आहेत. आमच्या पाड्यावरची माणसं, महादेव कोळी, वारली, ठाकर, तुळशीची माळ घातलेली. दिंडीत रथ नसतो की मंडप नसतो. एक पताका, चार टाळ, एक मृदंग. मुक्काम शाळेच्या ओट्यावर. जेवणाला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं किंवा कुळथाचं कालवण.
एकादशीला तुम्ही जी भगर खाता ना, ती आमच्या उताराच्या रानातली वरई. पावसाळ्यात डोंगरउतारावर रोप लावायचं, पीक कापायचं, झोडायचं, मग उखळात कांडायचं. माझी आई कांडलेली वरई सुपात घेऊन अशी आसडायची की कोंडा वाऱ्यावर आणि दाणा सुपात. आता गिरण्यांत होते. वारीच्या दिवसांत आमच्याकडच्या बायका त्र्यंबकला भगर, नागली घेऊन रस्त्याकडेला बसतात. शेतबांध ताई, आईला सांगा, फराळाची भगर त्यांच्याकडून घ्या. घासाघीस नको.

स्वच्छ_बोलते | २ जानेवारी
मी तीनदा गेले आहे आणि चौथ्यांदा जाणार आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.
बाईमाणसाची खरी अडचण थंडी नाही, आडोसा आहे. फिरती स्वच्छतागृहं येतात, पण एकादशीच्या सकाळपर्यंत त्यांतलं पाणी संपलेलं असतं. कुशावर्तावर कपडे बदलायला आम्ही चौघी साडी धरून उभ्या राहतो. एका लॉजवाल्यानं तासाभरासाठी खोली द्यायचे आठवड्याच्या भाड्याइतके पैसे मागितले होते. आणि द्वादशीला दिंड्या निघून गेल्यावर मागे जो पत्रावळी, प्लास्टिकचे पेले यांचा खच उरतो, तो बघवत नाही. आता २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यानं रस्त्यांची कामं निघालेली आहेत, धूळही असणार. तोंडाला रुमाल ठेवा.
उपाय म्हणून सांगते: ताट-पेला-तांब्या स्वतःचा. बायकांनी गटानंच जायचं, आणि रात्री बॅटरी कायम जवळ.

टाळकरी_अण्णा | २ जानेवारी
ताईंनी लिहिलेलं शब्द न शब्द खरं. आमच्या दिंडीत यंदापासून पत्रावळी बंद, ज्याचं ताट त्यानं आणायचं असं ठरलं आहे. आडोशासाठी बांबू आणि ताडपत्री टेम्पोत टाकणार. हे वीस वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.

पुरणावरचं_तूप | ४ जानेवारी
संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी! गुळाची पोळी कधी खायची?

गोदाकाठ | ४ जानेवारी
द्वादशीला पारण्याच्या ताटात.

पुरणावरचं_तूप | ४ जानेवारी
पण त्या दिवशी किंक्रांत. करिदिनाला गोडधोड चालतं?

इतिहासवेडी | ४ जानेवारी
करिदिनाला शुभकार्य करत नाहीत, जेवायला कुणी बंदी केलेली नाही. पारणं तर करावंच लागतं. आणि पौष वद्य एकादशीचं नावच षट्‌तिला. तिळाचं स्नान, तिळाचं दान, तिळाचं खाणं. तेव्हा तिळाचा लाडू एकादशीला हक्काचा आहे. फक्त पोळीचं धान्य नको.

पूर्णाकाठ | ४ जानेवारी
भोगी दशमीला येते, ती पाहा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाटाणा, गाजर, वांग्याची मिसळीची भाजी. दशमीच्या मुक्कामाला ज्या गावात ही पंगत मिळेल त्या गावाला मी वर्षभर दुवा देईन.

शेतबांध | ५ जानेवारी
सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांचं वाक्य, "सण वर्षभर करत नाहीत, नेम चुकवत नाहीत", काकांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले आणि संध्याकाळी वडिलांची घोंगडी माळ्यावरून काढून उन्हात टाकली. म्हणजे होकार.
मुलीनं चार भावंडांची ओळ वहीत लिहून घेतली आहे. ती पण येणार म्हणते. १० तारखेला निघतोय.
एक विचारायचं राहिलं. दिंडीत रात्री वीणेचा पहारा असतो ना, तासातासाला माणूस बदलतो, तसा. त्यात बायका उभ्या राहतात का?

टाळकरी_अण्णा | ५ जानेवारी
आमच्या फडात नाही. बायकांकडे तुळस असते, तो मान मोठा आहे.

स्वच्छ_बोलते | ५ जानेवारी
आमच्या दिंडीत राहतात. मी स्वतः राहिले आहे, रात्री एक ते दोन. ज्याच्या मुखात नाम आहे त्याच्या गळ्यात वीणा, एवढाच आमचा नियम. अण्णा, चांगदेवांना उपदेश करायला मुक्ताईच पुढे झाली होती, हे आपणच कीर्तनात ऐकतो.

टाळकरी_अण्णा | ६ जानेवारी
रात्रभर विचार केला. मुक्ताईचं नाव घेतल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या गावच्या दिंडीचा निर्णय तुमच्या दिंडीनं करावा, माझी आडकाठी नाही.

माहेरवाशीण | ६ जानेवारी
शेतबांध, तुझा धागा रोज वाचतेय. एक मनात आलं ते लिहू का? तुझ्या आईची ही पहिली संक्रांत. गावात त्या दिवशी सवाष्णींचा वाणवसा होईल, घराघरांतून बोलावणी जातील आणि तिच्या दारावरून पुढे जातील. माझ्या आईच्या त्या पहिल्या संक्रांतीला तिनं दुपारभर कडी लावून जात्याची खोली सारवली होती. सारवायची काही गरज नव्हती. तुझी आई चालणार म्हणते त्यामागे हे असेल तर तिला बोलायला लावू नकोस. नुसती सोबत चाल.

शेतबांध | ६ जानेवारी
हे मला सुचलंच नव्हतं. फोन ठेवून आईशेजारी जाऊन बसले.

नाडीपरीक्षा | ९ जानेवारी
ताई, १२ ला दुपारपासून आम्ही सातपूरच्या पुढे बसलेलो असू. आईचं बीपी बघायला नक्की थांबा.

शेतबांध | १७ जानेवारी
काल रात्री घरी आलो. लिहिते.
आई गावापासून त्र्यंबकपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या पुढे साधारण दोन कोस टेम्पोत बसली, तेही मुलीचे पाय दुखतात म्हणून "हिच्यासोबत बसते" असं सांगून. डॉक्टरताई भेटल्या, बीपी बरं निघालं. त्यांनी आईला तिळाची वडी दिली, आईनं त्यांना पिशवीतले हरभऱ्याचे घाटे दिले.
दशमीला वाटेतल्या एका वस्तीवर भोगीची पंगत मिळाली. पूर्णाकाठ दादा, तुमची आठवण काढली. बाजरीची भाकरी हातावर, तिच्यावरच भाजी, आणि रस्त्यापलीकडे अंधारात एक माणूस बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरत होता. त्याला घरातून हाक मारून पंगतीला बसवलं.
एकादशीला आईनं कुशावर्तावर ऊन आल्यावर पाय बुडवले. नाथांच्या समाधीपुढे आम्हाला मिळालं ते अर्धं मिनिट, गर्दीचा लोंढाच तसा होता. दुपारी चांदीचा रथ निघाला तेव्हा मुलगी माझ्या खांद्यावर होती. तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "आता मुक्ताईकडे कधी जायचं?" रस्त्याकडेला बसलेल्या एका मावशींकडून भगर घेतली. घासाघीस केली नाही.
आता पहाऱ्याचं. महिरावणीच्या मुक्कामाला मी आमच्या नव्या विणेकरी दादांना भीत भीत विचारलं. ते वडिलांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणाले, "काकूंनी मागितलं तर मी नाही म्हणणारा कोण? कुठला तास हवा?" आई म्हणाली, तीन ते चार. वडिलांचा तोच असायचा, हे मला तेव्हा कळलं.
तीन वाजता तिनं वडिलांची घोंगडी पांघरली, वीणा गळ्यात घेतली आणि उभी राहिली. नाम इतकं हळू की मला शेकोटीपाशी ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ हलताना दिसत होते. मी तासभर जागी होते. ती रडली नाही, हलली नाही, अधूनमधून उजव्या हाताचं बोट तारेवरून फिरत होतं. चार वाजता पुढच्या पाळीचे काका आले. आईनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि म्हणाली,
"चढलीय. काकड्याच्या आधी खुंटी जराशी सोडा."

पखवाज_घुमतो | १७ जानेवारी
रामकृष्ण हरी, माउली.